माझी फाटकी मिशी

मित्रांनो, मी एक म्हातारी वाम आहे. फितीसारखी लांब, तुमच्या बोटाएवढी जाड, खडकाच्या भोकात राहणारी. आणि आधीच सांगून टाकते, मी साप नाही. माणसं पाण्यात उतरतात, मला बघतात आणि तोंडातल्या नळीतून "साप! साप!" करून बुडबुडे सोडतात. सापाच्या पाठीवर डोक्यापासून शेपटापर्यंत असा झालरीसारखा पर असतो का? सापाच्या नाकाला पानं फुटतात का? हनुवटीला दाढी असते का? नीट बघायचं नाही आणि वर नावं ठेवायची, ही कुठली रीत झाली?

आणि ते तोंड उघडण्याचं. मी सारखी आ करते म्हणून लोक म्हणतात, "बघा, चावायला येतेय!" अहो, मी श्वास घेते. तोंडातून पाणी आत घेतलं नाही तर मी मरेन. तुमच्या नाकपुड्या हलतात तेव्हा मी कधी म्हटलं का, हा माणूस मला धमकी देतोय म्हणून?

माझ्या नाकाला दोन पानं होती. उजवं अजून अख्खं आहे, डावं अर्धंच उरलंय. इथले लोक त्या पानांना मिशी म्हणतात आणि आमच्या जातीला फुलमिशी. डाव्या मिशीचं काय झालं ते आज सांगणार आहे. रडगाणं गाणार नाही, काळजी नसावी. समुद्रात रडलेलं कुणाला दिसत नाही, म्हणून मी तो उद्योग कधी केलाच नाही.

माझा जन्म दूर दक्षिणेच्या ऊबदार पाण्यात झाला. तेव्हा मी आरपार दिसणारं एक पातळ पान होते. काळा प्रवाह नावाचा मोठा प्रवाह जपानच्या कडेकडेनं वर जातो. त्यानं मला तिथल्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यावर, कागामिउरा नावाच्या लहानशा खाडीत आणून सोडलं. तिथं पाण्याखाली एक खडक आहे. वरून तो कासवासारखा दिसतो, म्हणून कोळी त्याला कासवखडक म्हणतात. त्याच्या उत्तरेच्या बाजूला मला एक छान भोक मिळालं आणि मी संसार मांडला. संसार कसला, मी एकटीच. पण घर माझं होतं.

तेव्हा मी काळीकुट्ट होते, पाठीवर फक्त एक पिवळी किनार. आमच्यात असंच असतं. पोरवयात काळा रंग, मोठं झालं की निळा रंग आणि नराचा जन्म, म्हातारपणी पिवळा रंग आणि मादीचा जन्म. एकाच आयुष्यात तीन रंग. हसू नका. तुमचे केस पांढरे होतात तेव्हा मी हसते का? आज मी बाई आहे, म्हणून सगळी गोष्ट बाईसारखीच सांगणार. कुणाला खटकलं तर त्यानं कान झाकून घ्यावेत.

एवढं मात्र लक्षात ठेवा, की त्या काळी आमच्या रंगांची ही गोष्ट कागामिउरात कुणालाही ठाऊक नव्हती. गावाला वाटायचं, काळी वेगळी, निळी वेगळी. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

तुम्ही विचाराल, बाई गं, तू पाण्याखाली, मग माणसांचं बोलणं तुला कसं कळलं? बोटीचा तळ म्हणजे नुसता ढोल असतो. वर कुणी शिंकलं तरी मला खाली ऐकू येतं. आणि कासवखडकावर दोन बोटी रोज नांगर टाकायच्या. एक माकिओची, दुसरी कुमाकिची आजोबांची.

माकिओ ओसाकाहून आलेला तरणा माणूस. त्यानं बंदरावरच्या जुन्या बर्फाच्या कोठारात पाणबुड्यांसाठी दुकान काढलं होतं. पाठीवर हवेची टाकी बांधून तो शहरातल्या लोकांना खाली आणायचा आणि मासे दाखवायचा. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकानं "वा!" म्हटल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. कुमाकिची आजोबा आणि त्यांची बायको त्सुरुए आजी बांबूचे सापळे टाकून वामा धरायचे. मोठ्या, जाडजूड, खायच्या वामा. त्या माझ्या नात्यातल्याच, पण मला गिळणाऱ्याही त्याच, म्हणून मी काही सुतक पाळलं नाही.

पाणबुडे आणि कोळी यांच्यात भांडण नको, म्हणून गावच्या मच्छीमार संघानं खडकाची वाटणी केली होती. उत्तर बाजू पाणबुड्यांची, दक्षिण बाजू सापळ्यांची. उत्तरेचा मासा कोळ्यानं धरायचा नाही आणि दक्षिणेला पाणबुड्यानं फिरकायचं नाही. सगळ्या गावानं तसा शब्द दिला होता.

माकिओला मी सापडले आणि माझं नशीबच पालटलं. त्यानं माझं नाव ठेवलं सुमी, म्हणजे लिहायची काळी शाई. लोक रांगेनं मला बघायला येऊ लागले. वर बोटीवर नुसतं "सुमी किती गोड!", "सुमीनं माझ्याकडे बघितलं!" खोटं कशाला बोलू, मलाही जरा चढलंच. मी डोकं बाहेर काढून डुलायची.

पण कौतुकाला हातपाय फुटले की ते घरात शिरतं. भोक चटकन सापडावं म्हणून माकिओनं माझ्या दारात न्हाणीघरातली पांढरी फरशी आणून ठेवली. आता मला सांगा, लपून राहणाऱ्या जिवाच्या दारात कुणी पाटी लावतं का? माकिओला ती दिसायची, तशी मला गिळायला टपलेल्या गोबरा माशालाही दिसायची. तो मेला रोज फरशीपाशी येऊन उभा राहायला लागला.

कुमाकिची आजोबा बोटीवरून माकिओची टर उडवायचे. "काय रे बुडबुड्या, आज पण त्या काळ्या दोरीचं दर्शन का?"

"दोरी नाही आजोबा, सुमी."

"सांभाळ हं तिला. माझ्या सापळ्यात आली तर भाजून दारूबरोबर तोंडी लावीन!"

दोन्ही बोटींवरची माणसं हसली. त्सुरुए आजी तेवढ्या हसल्या नाहीत. "अहो, तुमच्या जिभेला काही हाड?" असं त्या म्हणाल्या, पण तोवर बोलणं सगळ्यांच्या कानावर गेलं होतं.

मग तो दिवस आला. ओसाकाची एक दातांची डॉक्टरीण मोठा कॅमेरा घेऊन खाली उतरली. तिला माझा आ केलेला फोटो हवा होता. मला त्या दिवशी बाहेर यायचं नव्हतं. माझं घर, माझी मर्जी. बाई खुणा करायला लागली, की हवा संपत आलीये, लवकर करा. माकिओकडे मासे दाखवायची लोखंडी काठी होती. त्यानं ती मागच्या फटीतून माझ्या घरात खुपसली. मला पुढं ढकलायला! मी अंग चोरलं, वळले, आणि काठी व दगड यांच्यामध्ये माझी डावी मिशी अडकली. त्यानं काठी ओढली आणि अर्धी मिशी तिच्याबरोबर गेली. तो तुकडा पाण्यात गरगरत वर निघाला आणि माझ्या डोळ्यांदेखत एका टिकलीएवढ्या माशानं गिळून टाकला.

बाई कॅमेऱ्याचा दिवा नीट करत होती, तिनं काही पाहिलं नाही. माकिओनं पाहिलं. काचेमागं त्याचे डोळे केवढे झाले! पण वर गेल्यावर तो म्हणाला, "सुमी आज जरा रुसलीये." रुसलीये म्हणे! मला इतका संताप आला म्हणून सांगू! मिशी म्हणजे शोभा नव्हे हो. वास कुठून येतो, भक्ष्य कुठं आहे, गोबरा जवळ आलाय का, सगळं मला त्या पानांवरून कळतं. त्या दिवसापासून डावीकडचं जग मला अर्धं झालं.

मी ठरवलं, या दारात राहायचं नाही. सकाळी गोबरा पोट भरून सुस्तावला तेव्हा मी बाहेर पडले आणि सगळा खडक ओलांडून दक्षिणेला गेले. तिथं सापळ्यांपासून हातभर अंतरावर मला नवं भोक मिळालं. सापळ्याच्या बांबूत माझ्यासारख्या दहा जणी शिरून बाहेर पडतील, म्हणून त्याची भीती नव्हती. आणि पाणबुडे त्या बाजूला येत नव्हते, हे तर सुखच. तिथं हळूहळू माझी काळी कातडी निळी व्हायला लागली.

इकडे उत्तरेला बोंब उठली. सुमी नाही! गिऱ्हाइकं हळहळली आणि माकिओ चिडला. एका सकाळी त्यानं आपली बोट आजोबांच्या बोटीला भिडवली. त्याच्याबरोबर मच्छीमार संघाचे अध्यक्ष हिराओका होते. बरोबर माझ्या डोक्यावर हे सगळं घडलं.

"आजोबा, सुमी कुठाय?" माकिओनं विचारलं.

"मला काय विचारतोस? मी काय तिचा सासरा?"

"सापळ्यात घेईन असं तुम्हीच म्हणाला होता. आणि गेल्या आठवड्यात शहरातल्या मत्स्यालयाचा माणूस तुमच्याच घरी चहा पिऊन गेला."

"चहा पाजला म्हणजे मासा विकला होय रे? उद्या मी खाऱ्या पाण्यानं चूळ भरली तर समुद्र प्यायला म्हणशील!"

"मग घेतली नाही असं सरळ सांगा ना."

आजोबांनी वल्हं खाली ठेवलं. मग हळू म्हणाले, "नाही सांगत. इतकी वर्षं एका पाण्यावर राहतोय. ज्याला माझ्या तोंडाकडे बघून कळत नाही, त्याला शब्दांनी काय कळणार?"

हिराओका अवघडून खाकरले. "कुमाकिची, गावानं शब्द दिलाय. शब्द मोडल्याचा बोल आला की पट्टी नळीत पडत नाही, तुला माहीत आहे. काळी वाम सापडेपर्यंत माझा इलाज नाही."

ही पट्टी म्हणजे काय, ते सांगते. नव्या वर्षात कागामिउराच्या देवळापुढं सगळ्या बोटींच्या नावांच्या लाकडी पट्ट्या बांबूच्या नळीत टाकतात. ज्या क्रमानं पट्टी निघेल त्या क्रमानं सापळ्यांच्या जागा मिळतात. ज्याची पट्टी नळीत नाही, त्याला वर्षभर समुद्रात जागा नाही. जागेचं एक वेळ चालेल, पण सगळ्या गावासमोर आपली पट्टी बाजूला पडलेली बघायची? म्हाताऱ्याला चोर ठरवून मोकळे झाले. आणि जिची चोरी झाली होती ती मी, त्यांच्याच बोटीखाली जिवंत बसले होते!

दुसऱ्या दिवसापासून त्सुरुए आजींनी मला शोधायला सुरुवात केली. त्यांच्याकडे तळाला काच लावलेली लाकडी पेटी होती. ती पाण्यावर टेकवून त्या तास न् तास खाली बघायच्या. आजोबा वल्हं धरून बसायचे आणि कुरकुरायचे.

"पुरे आता. पाठ मोडेल तुझी."

"माझी पाठ मोडू दे, तुमची मान खाली नको जायला."

"माझी मान आहे तिथंच आहे."

"हो ना! म्हणून तर तोंडानं नाही म्हणवलं नाही. नुसता ताठा!"

त्यांची काच माझ्यावर आली की मी मान बाहेर काढायची. जीव तोडून डुलायची. मीच गं बाई ती, मीच सुमी! आजी वरून म्हणायच्या, "अगं बाई, ही निळी पुन्हा आली बघा मान काढून! छान आहेस गं, पण तू नको. मला काळी हवी." आणि काच पुढं सरकायची. मित्रांनो, गोबऱ्याच्या जबड्यासमोरसुद्धा मला इतकं असहाय वाटलं नव्हतं. जी हवी ती समोर उभी, आणि केवळ कपडे बदलले म्हणून ओळख नाही!

थंडी पडली, पाणी आरशासारखं झालं. वर्ष संपत आलं. एका सकाळी माकिओची बोट जवळून जात असताना आजींनी त्याला हाक मारली.

"ए माकिओ! इकडं ये. चोराच्या घरात काय काय आहे ते बघून जा."

"आजी, दक्षिणेला उतरायची मला परवानगी नाही."

"मी देते परवानगी. आमच्या सापळ्यापासून हातभर अंतरावर एक निळी फुलमिशी राहतेय. तुझ्या काळीपेक्षा देखणी. आमच्यात जर विकायची खोड असती तर ही राहिली असती का? खाली उतर, तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि मग हिराओकांपुढं बोल."

बिनतोड बोलल्या आजी. माकिओ उतरला. त्याच्या हातात तीच काठी होती. ती बघताच माझं अंग आखडलं, पण मी आत गेले नाही. तो जवळ आला, निळा रंग बघून खूश झाला, बोटांनी वा वा केलं. मग त्याची नजर माझ्या नाकावर गेली. डावीकडे. त्याचे बुडबुडे थांबले. फाटलेली कड त्याच्याच काठीनं कापली होती, ती तो कशी विसरेल? माझ्या शेपटापाशी अजून काळा रंगही उरला होता. तो त्यानं पाहिला. पुन्हा मिशी पाहिली. त्याला कळलं. अगदी लख्ख कळलं.

वर गेल्यावर आजींनी विचारलं, "काय?"

माकिओ म्हणाला, "निळी आहे, आजी. ही दुसरी आहे."

अस्सा राग आला मला! दुसरी? अरे, माझ्या मिशीचा तुकडा तुझ्या काठीनं नेला आणि मी दुसरी? खरं बोललास तर "तुला कसं कळलं" असं विचारतील, आणि मग काठीची गोष्ट सांगावी लागेल, एवढीच ना भीती? तिकडं एका म्हाताऱ्याचं नाव बुडतंय त्याचं काही नाही! मी त्या दिवशी काही खाल्लं नाही. सारखी एकच गोष्ट मनात, की हा परत आला तर मी लपणार नाही. खुपसू दे काठी. उजवी मिशी गेली तरी बेहत्तर.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. एकटाच. काठी आणली नव्हती. चांगलं वावभर अंतर सोडून तो वाळूच्या वर तरंगत राहिला, पायातली रबरी वल्ही न हलवता. मी बाहेर आले. डोकं, मान, मग निम्मं अंग. आम्ही कधी इतकं बाहेर येत नाही. गोबऱ्याला फुकट जेवण होतं ते. मी डावा गाल त्याच्याकडे केला आणि तशीच उभी राहिले. घे, बघ. काय केलंस ते बघ. त्यानं दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून घेतले होते. किती वेळ गेला कोण जाणे. त्याची हवा संपत आली असावी, कारण अखेर तो निघाला. पण आपल्या बोटीकडे गेला नाही. शेजारीच सापळ्यांवर उभ्या असलेल्या आजोबांच्या बोटीची कड धरून वर आला.

"आजोबा," तो म्हणाला, "ती निळीच सुमी आहे. रंग बदललाय तिनं. तुम्ही चोर नाही."

"तुला कसं कळलं?" आजींनी विचारलंच.

"तिची डावी मिशी फाटलीये. मी फाडली. काठीनं. फोटोसाठी." तो तसाच पुढं म्हणाला, "काल मी खोटं बोललो, आजी. मी हिराओकांना सांगतो. सगळ्या गावापुढं सांगतो."

वर आजींनी काचेची पेटी दाणकन फळीवर ठेवली.

"सांग," आजोबा म्हणाले. "ती काठी पण दे मला. शेगडीवर मासे उलटायला बरी पडेल."

"देतो आजोबा. मला माफ कराल ना?"

"माझं काय, माझं नाव तू घेतलं होतंस ते परत दिलंस. आपला हिशेब मिटला. आता तिची मिशी परत दे."

माकिओनं पुन्हा पाण्यात तोंड घालून माझ्याकडे बघितलं.

त्यानं शब्द पाळला. देवळापुढं सगळ्यांसमोर त्यानं काठीची गोष्ट सांगितली आणि कुमाकिची आजोबांची पट्टी नळीत पडली. हे मला आजींच्या बोलण्यावरून कळलं. त्या दिवसांत त्या इतक्या मोठ्यानं बोलायच्या, की खडकावरच्या झिंग्यांनाही पाठ झालं असेल. माकिओनं ती पांढरी फरशी उचलून नेली. आणि रिकाम्या हातानं परतावं लागलं तरी चालेल, पण माशाच्या मर्जीविरुद्ध फोटो नाही, असा नियम केला. काही गिऱ्हाइकं चिडून गेली. जाऊ देत.

माझी मिशी काही परत आली नाही. ती कशी येणार?

त्यानंतर मी कितीतरी वर्षं निळी राहिले आणि मग पिवळी झाले. आता अंग थकलंय. अंडी झाली की आमचं फारसं काही उरत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी दक्षिणेच्या त्याच भोकात आहे. संघानं आता पाणबुड्यांनाही या बाजूला यायची मुभा दिली आहे. खाली येणाऱ्या प्रत्येकाला माकिओ बोटीवरच शिकवतो, की हाताची घडी. तोंडावर बोट ठेवायला जागा नाही, तिथं नळी असते. मग तो सांगतो, की लांब थांबा, वाळू उडवू नका, तिच्या डोळ्यांत दिवा मारू नका आणि ती आली तर बघा, नाही आली तर परत जा. माणसं हाताची घडी घालून माझ्यासमोर तरंगतात तेव्हा शाळेतली पोरं वाटतात.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी हात जोडून विनंती करायची असते म्हणे. मला हात नाहीत, आणि असते तरी मी जोडले नसते. मी तुमच्याकडे काही मागत नाही. तुम्ही माझ्याकडे बघायला येता, मी तुमच्याकडे आले नव्हते. या, खुशाल या, डोळे भरून बघा. पण हे माझं घर आहे, आणि मी आत जाणार नाही. मागं सरकायचं असलं तर तुम्ही सरका.